लघुव्यवसायाची तंत्रज्ञानपूर्व तयारी : तुळजापूरच्या बाजारपेठेचे उदाहरण

तुळजापूरच्या भवानी मंदिराभोवतीच्या बाजारपेठेत हळद-कुंकू, खण-नारळाची ओटी, कवड्यांच्या माळा, परड्या, बांगड्या आणि पेढे विकणारी लहान दुकाने आहेत. विक्री संगणकावर नोंदवणे, शिल्लक मालाचा हिशेब ठेवणे आणि त्या नोंदींवरून पुढील मागणीचा अंदाज यंत्राकडून घेणे, ही सोय आता अशा कौटुंबिक दुकानांच्याही आवाक्यात येऊ लागली आहे. तिचा लाभ घेण्यापूर्वी दुकानदाराला कोणती तयारी करावी लागते, याचा विचार प्रस्तुत घटकात करावयाचा आहे.

यूपीआय ही देयकपद्धती २०१६ मध्ये सुरू झाली. दुकानात क्यूआर कोड लावला म्हणजे व्यवसाय डिजिटल झाला, असा समज त्यानंतर रूढ झाला. भाविकाने फोनवरून २५० रुपये दिले, तर रक्कम, तारीख आणि वेळ यांची नोंद होते. मात्र त्या रकमेत ओटी किती रुपयांची, माळ किती रुपयांची, हे त्या नोंदीवरून कळत नाही. रोखीची विक्री आणि उधारी तर तिच्याबाहेरच राहतात. म्हणून वस्तुवार विक्रीची नोंद ही तयारीची पहिली पायरी होय.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. एकाच वस्तूला वहीत ‘माळ मोठी’, बिलावर ‘कवडी माळ’ आणि घाऊक व्यापाऱ्याच्या पावतीवर तिसरेच नाव असेल, तर संगणक त्या तीन वस्तू मानतो. कुंकू किलोने खरेदी होते आणि पुडीने विकले जाते. एका किलोच्या पुड्या किती, हे ठरवून लिहिले नाही तर शिल्लक कधीच जुळत नाही. प्रत्येक वस्तूला एक नाव आणि एक परिमाण निश्चित करणे हे परिभाषा घडवण्याचेच काम आहे. व्यावहारिक मराठीच्या अभ्यासकाने त्याकडे त्या दृष्टीने पाहावे.

याहून अवघड प्रश्न कालगणनेचा आहे. शारदीय नवरात्रातील घटस्थापना २०२३ मध्ये १५ ऑक्टोबरला, २०२४ मध्ये ३ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला आली. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते आणि अधिक मास आला की हा फरक भरून निघतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, म्हणून त्या वर्षी नवरात्र उशिरा आले. आता केवळ इंग्रजी तारखा पाहणाऱ्या आज्ञावलीचा विचार करा. २०२५ च्या सप्टेंबरअखेरची मागणी ठरवताना ती २०२४ मधील त्याच दिवसांकडे पाहील. ते दिवस पितृपंधरवड्याचे होते. परिणामी, ऐन नवरात्रात माल कमी ठेवण्याचा सल्ला मिळेल!

दुकानदाराला तिथी तोंडपाठ असते, तरीही ती नोंदीत उतरलेली नसते. याला अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. आजवर ती लिहिण्याची गरजच पडली नव्हती. तारखेशेजारी तिथी आणि वार यांचे रकाने ठेवावेत. मंगळवार, शुक्रवार व पौर्णिमा वेगळ्या दाखवाव्यात. कोजागरीला सोलापूरकडून पायी येणाऱ्या भाविकांची गर्दीही स्वतंत्रपणे नोंदवावी. एका वर्षाच्या नोंदीवर विसंबू नये; अधिक मासाचा परिणाम दिसण्यास किमान तीन वर्षे लागतात.

यंत्राचा अंदाज प्रथम कोणत्या मालावर पडताळावा? आमच्या मते कुंकू आणि कवड्यांवर. अंदाज चुकला तरी हा माल पुढील पौर्णिमेला विकता येतो. पेढे आणि फुले मात्र नासतात आणि उसनवारीने माल भरलेल्या कुटुंबावर त्या तोट्याचा बोजा पडतो.

नोंदीची सवय गर्दी नसलेल्या आठवड्यांत लावावी. पहिल्या नवरात्रात वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवून रोज रात्री शिल्लक माल प्रत्यक्ष मोजावा. तफावत आढळल्यास कोणती विक्री नोंदवायची राहिली, हे त्याच रात्री शोधावे. दुसऱ्या दिवशीच्या गर्दीत ते कोणालाही आठवत नाही.