विमानाची हरवलेली काच

आमच्या आजोबांनी १९७१च्या युद्धात नॅट विमानांची देखभाल केली होती. म्हणून आम्ही भावंडांनी त्यांच्यासाठी नॅटचं १:७२ प्रमाणाचं मॉडेल करायला घेतलं. पण वैमानिकाच्या डोक्यावरची काच गालिच्यावर पडली, ती सापडलीच नाही. (आमचा संशय व्हॅक्यूम क्लीनरवर आहे!)

अशा वेळी किट बनवणाऱ्या कंपनीला लिहायचं. मात्र मित्रांनो, नुसतं "आमची काच हरवली" लिहून भागत नाही. खोक्यावरचा किटचा नंबर, प्रमाण आणि सूचनांच्या कागदावर त्या भागाला दिलेला आकडा कळवावा लागतो. तेव्हा खोकं टाकू नका. आमचं रद्दीत जाता जाता वाचलं.

एकच सुटा भाग बहुधा मिळत नाही. वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भरतात, त्यामुळे कितीतरी भाग एकाच फ्रेमला जोडलेले बाहेर येतात. म्हणून तामियासारख्या कंपन्या अख्खी फ्रेमच विकतात. पारदर्शक भागांची फ्रेम वेगळी असते, हे आमचं नशीब! किट बनणंच बंद झालं असेल, तर कुणाचं तरी जुनं अर्धवट किट शोधावं लागतं.

नवी काच सुपरग्लूने चिकटवू नका, त्याच्या वाफेने ती पांढुरकी होते. पांढरा पीव्हीए गोंद बरा.

आमचं पत्र गेल्या शनिवारी गेलं. तोवर नॅट उघडंच आहे. आजोबा म्हणतात, "असू दे, वैमानिकाला वारा लागतोय."