लहान तोंडी मोठे हाड

रविवारचे मटणाचे जेवण आटोपले की ताटांच्या कडेला हाडे उरतात आणि टेबलाखाली शेपूट हलवत कुणीतरी वाट बघत असते. घरातच लहानाचा मोठा झालेला पॉमेरेनियन, पग, शिह त्झू नाहीतर डॅशहंड. ‘कुत्र्याला हाड नाही द्यायचे तर कुणाला द्यायचे?’ असे म्हणून कुणीतरी एक नळी खाली सरकवतो. बहुतेक वेळा काहीही होत नाही. कुत्रा तासभर खूश असतो आणि घरही खूश असते. म्हणूनच ही सवय टिकते. पण एखाद्या वेळी काही होते, तेव्हा प्रकरण थेट शस्त्रक्रियेपर्यंत जाते. कुत्रा जितका लहान, तितकी ही शक्यता अधिक.

‘गावाकडची कुत्री जन्मभर हाडेच खातात, त्यांना कुठे काय होते?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. गावाकडचा कुत्रा पंधरा-वीस किलोचा असतो, घरातला चार-पाच किलोचा. शिवाय रस्त्यावरचे कुत्रे दोन दिवस न खाता कोपऱ्यात पडून राहिले आणि मेले, तर कारण शोधायला कुणी जात नाही. न मोजलेले मृत्यू म्हणजे न झालेले मृत्यू नव्हेत.

तोंड लहान, दात तेवढेच

मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात. जर्मन शेफर्डला ४२ आणि तळहातावर मावणाऱ्या चिवावालाही ४२ च. जबडा लहान आणि दात तेवढेच, त्यामुळे छोट्या जातींत दातांची दाटी होते, फटींत अन्न अडकते, कीटण साचते आणि हिरड्या लवकर सडू लागतात. चावण्याची गरज म्हणूनच खरी आहे. चघळल्याने दातांवरचा मऊ थर घासला जातो, लाळ सुटते आणि घरात एकट्या पडलेल्या कुत्र्याचा वेळही जातो. चघळायला काहीच न देणे हा यावरचा उपाय नाही. काय द्यायचे, हा खरा प्रश्न आहे.

कुत्र्याचे दात दिसतात तितके दणकट नसतात. माणसाच्या दाढेवरचे एनॅमल अडीच मिलिमीटरपर्यंत जाड असते, तर कुत्र्याचे बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरही भरत नाही. त्याचा जबडा कात्रीसारखा फक्त वर-खाली चालतो. कडक वस्तू तो गालाकडच्या मोठ्या दाढेखाली धरतो आणि सगळा जोर तिथेच येतो. वरच्या बाजूच्या या दाढेचा कपचा उडणे, हे कडक हाड चावणाऱ्या कुत्र्यांमध्ये नेहमी दिसते. कपचा उडून आतली नस उघडी पडली तर वेदना होतात, जंतू शिरतात आणि कधी डोळ्याखाली गळू येते. छोट्या जातींत खालची मोठी दाढ जबड्याच्या मानाने फार मोठी असते. हिरडीच्या आजाराने तिथले हाड आधीच पोकळ झाले असेल, तर जबडाच मोडण्याची भीती असते.

कुकरमधून निघालेले हाड

हाड म्हणजे नुसते कॅल्शियम नव्हे. वजनाने साधारण दोन तृतीयांश भाग खनिजांचा, बाकीचा मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाचा आणि पाण्याचा. खनिजामुळे कडकपणा येतो, कोलॅजनमुळे थोडी लवचीकता. शिजवताना कोलॅजनचे जिलेटिन होऊन ते रश्श्यात उतरते. पाया सूप थंड झाले की थिजते ते याच जिलेटिनमुळे. मागे उरते ते ठिसूळ हाड. दाताखाली ते वाकत नाही, त्याच्या टोकदार चिपा निघतात. कोंबडीच्या पायाचे हाड यात सर्वांत वाईट, कारण ते बारीक असते आणि लांब, सुईसारखे तुटते. बांगड्या-पापलेटचा काटाही त्याच वर्गातला.

रश्श्यातल्या हाडाबरोबर आणखी एक गोष्ट जाते: कांदा-लसूण. कांद्यातील गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तरी रक्तात बदल दिसू शकतात. पाच किलोच्या कुत्र्यासाठी हे प्रमाण म्हणजे जेमतेम एक मध्यम कांदा. एका हाडाला चिकटलेल्या मसाल्याने एवढा कांदा जात नाही, पण त्याबरोबर रोज रस्सा-भातही मिळत असेल तर जाऊ शकतो. नळीतला चरबीयुक्त गर पचला नाही तर उलट्या होतात आणि काही कुत्र्यांना स्वादुपिंडाची सूज येते.

मग कच्चे हाड द्यावे का? कच्चे हाड कमी फुटते, हे खरे. ब्राझीलमध्ये बीगल कुत्र्यांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात गुरांच्या कच्च्या हाडांमुळे दातांवरचे कीटण कमी झाल्याचेही दिसले. पण दाढ मोडण्याइतका कडकपणा कच्च्या हाडातही असतो आणि हिरडीखालच्या कीटणापर्यंत हाड पोहोचतच नाही. शिवाय कच्च्या मांसावरचे साल्मोनेलासारखे जंतू कुत्र्याच्या तोंडातून, पंजांतून आणि विष्ठेतून घरभर फिरतात. ज्या घरात रांगते मूल, गर्भवती स्त्री, वृद्ध किंवा केमोथेरपी घेणारा रुग्ण आहे, त्या घराने कच्च्या हाडाचा विचार सोडून द्यावा. जंतूंचा धोका वाळवलेल्या खाऊतही असतो. अमेरिकेत २०१९ मध्ये कुत्र्यांसाठी विकल्या जाणाऱ्या डुकराच्या वाळवलेल्या कानांमुळे ३४ राज्यांतील १५४ माणसांना साल्मोनेलाची बाधा झाल्याची नोंद आहे. असा खाऊ दिल्यावर हात साबणाने धुवावेत.

दुकानात उभे राहून

आज लहान शहरांतही प्राण्यांच्या खाऊची दुकाने आहेत. भिंतीवर टांगलेल्या पाकिटांतून निवड करताना तीन साध्या चाचण्या उपयोगी पडतात.

पहिली, नखाची. अंगठ्याचे नख दाबल्यावर वस्तूवर खूण उमटली पाहिजे. उमटली नाही तर ती कुत्र्याच्या दातासाठी जास्त कडक आहे. दुसरी, गुडघ्याची. ही वस्तू आपल्या गुडघ्यावर मारली तर कळ येईल असे वाटत असेल, तर ती परत ठेवावी. तिसरी, मापाची. वस्तू कुत्र्याच्या तोंडात पूर्ण मावता कामा नये. पग किंवा शिह त्झूसारखी चपट्या तोंडाची कुत्री नीट न चावता गिळतात, त्यांच्यासाठी ही चाचणी सर्वांत महत्त्वाची.

या चाचण्या लावल्या की बरेच पर्याय आपोआप बाद होतात. म्हशीचे शिंग, खूर आणि भाजलेले मोठे हाड दगडासारखे कडक असतात. हरणाचे शिंग तर भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार विकताही येत नाही आणि विकत घेताही येत नाही. पाकीटबंद भाजलेली किंवा धुरी दिलेली हाडे सुरक्षित असतील, असा समज असतो. पण २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच हाडांविरुद्ध इशारा दिला होता. त्यांच्याकडे आलेल्या तक्रारींत सुमारे ९० कुत्री आजारी पडल्याची आणि त्यांपैकी १५ मेल्याची नोंद होती. गाठ मारलेल्या पांढऱ्या कातड्याची ‘हाडे’ सर्वत्र मिळतात. ती लाळेने मऊ होतात, मग मोठा तुकडा एकदम गिळला जातो आणि पोटात फुगतो. हिमालयात माणसेही चघळतात त्या छुर्पीपासून बनवलेल्या काड्या अलीकडे लोकप्रिय आहेत. मूळ पदार्थ चांगला आहे, पण लहान कुत्र्याच्या दातांना तो फार कडक पडतो.

उरतात ते दाबल्यावर वाकणारे, पाण्यात विरघळणारे, वजनानुसार माप लिहिलेले दातांसाठीचे च्यू. पाकिटावर ‘व्हीओएचसी’ अशी मोहोर असेल तर उत्तम. पशुदंतवैद्यकातील तज्ज्ञांची ही संस्था १९९७ पासून अशा उत्पादनांच्या चाचण्यांचे निकाल तपासून मान्यता देते. दुसरा चांगला पर्याय म्हणजे आतून पोकळ रबरी खेळणे. त्याला दोन्हीकडून भोक असावे. एकच भोक असेल तर आत हवा खेचली जाऊन जीभ अडकू शकते. त्यात दही-भात, मीठ न घातलेला उकडलेला भोपळा किंवा साधे उकडलेले चिकन भरावे. फ्रिजमधले गार, जाड गाजरही चालते, पण त्याच्या चकत्या करू नयेत, कारण चकती घशात बसते. विकतचे शेंगदाणा बटर भरणार असाल तर त्यात झायलिटॉल नाही ना, हे वाचावे. हा साखरेचा पर्याय कुत्र्याची रक्तशर्करा धोकादायक पातळीवर उतरवतो.

मापाचे गणित खाण्यालाही लागू आहे. पाच किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ३०० ते ४०० कॅलरी पुरतात आणि वरखाऊ त्याच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. म्हणजे तीस-चाळीस कॅलरी. च्यू दिला त्या दिवशी बिस्कीट नाही.

खाताना माणूस समोर हवा. शेवटचा बोटाएवढा तुकडा सर्वांत धोक्याचा, तो काढून घ्यावा. मात्र ओढून नव्हे. चघळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडातून वस्तू ओढताना घरचा, लाडका कुत्राही चावतो आणि बऱ्याचदा चावा बसतो तो लहान मुलाला. दुसरा चविष्ट तुकडा पुढे करून अदलाबदल करण्याची सवय पिल्लू असतानाच लावावी. चावा बसलाच, तर कुत्र्याला लस दिलेली असली तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना किंवा तिखट जखमेवर लावू नये.

हाड अडकले तर

छोट्या कुत्र्यांत हाड अन्ननलिकेत तीन ठिकाणी अडकते: छातीच्या तोंडाशी, हृदयाच्या वर आणि पोटात शिरण्याआधी. कुत्रा एकसारखी लाळ गाळतो, मान ताणून पुन्हा पुन्हा गिळायचा प्रयत्न करतो, खाल्लेले लगेच बाहेर टाकतो किंवा खाणेच सोडतो. हाड खाली उतरून आतड्यात रुतले तर उलट्या, पोटदुखी, कुंथणे, खडूसारखी पांढरी किंवा रक्ताची शी अशी लक्षणे दिसतात. हाडाचा रुतलेला तुकडा काही तासांत अन्ननलिकेच्या भिंतीला इजा करू लागतो. भिंत फाटली तर छातीत पू होतो आणि मग कुत्रा वाचणे कठीण असते.

आपल्याकडे माशाचा काटा अडकला की भाताचा कोरडा घास किंवा केळे गिळायला देतात. कुत्र्यावर हा प्रयोग करू नये. अडकलेले हाड त्याने आणखी रुतते आणि घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे त्याहून वाईट, कारण टोकदार हाड परत वर येताना जखम करते आणि लहान कुत्र्याला मीठच विषारी ठरू शकते. तोंड उघडून पाहावे. हाड समोर दिसत असेल आणि सहज निघत असेल तरच काढावे. आत बोटे घालून चाचपडू नये.

पशुवैद्याकडे नेताना कुत्र्याने काय खाल्ले, किती वाजता खाल्ले हे सांगावे आणि उरलेला तुकडा किंवा पाकीट सोबत न्यावे. हाडातल्या कॅल्शियममुळे ते एक्स-रेत दिसते, पण कातड्याचा च्यू किंवा पातळ रबर सहसा दिसत नाही. त्यामुळे घरच्यांनी सांगितलेली माहितीच निदानाला दिशा देते. लवकर पोहोचल्यास बरीच हाडे दुर्बिणीने, चिरफाड न करता काढता येतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ही सोय बहुधा नसते. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करता येते. जवळची सोय कुठे आहे आणि तिथला फोन नंबर काय, हे आधीच लिहून ठेवावे.

दात स्वच्छ राहावेत हाच हेतू असेल, तर बोटावर चढवायचा मऊ ब्रश आणि कुत्र्यांसाठीची पेस्ट कोणत्याही हाडापेक्षा जास्त काम करते. माणसांची पेस्ट वापरू नये. रोज जमले नाही तर एक दिवसाआड दात घासावेत, आणि वर्षातून एकदा पशुवैद्याला तोंड दाखवावे. उरलेली हाडे कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाकावीत. उघडी बादली कुत्रा रात्री शोधतोच.