रेस सोडली की गाडी बंद, रात्री हेडलाइट मंद. जुन्या मारुतीचं दुखणं नेमकं कुठं?

भडगाव : कजगाव, कोळगाव, गुढे, आमडदे अशा गावांत जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी आजही घरच्या माणसासारखी राबते. बाजाराला तीच, लग्नाला तीच आणि रात्री-बेरात्री पेशंटला पाचोरा नाहीतर जळगावला न्यायलाही तीच. ८०० ची विक्री डिसेंबर १९८३ मध्ये सुरू झाली, उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. ओम्नी २०१९ ला बंद झाली. एवढ्या वयाच्या गाड्यांची एक तक्रार नेहमीची : रेस सोडली की इंजिन थरथरतं, बंद पडतं. रात्री लाइट लावला की आणखी बिघडतं. मग कोणी सांगतं कार्बोरेटर बदला, कोणी सांगतं बॅटरी गेली. दोन्ही बदलून होतं, पैसे जातात, गाडी मात्र जशीच्या तशी. दुखणं एखाद्या चिरलेल्या रबरी नळीत नाहीतर गंजलेल्या अर्थिंगमध्ये असतं.

म्हणून बोनेट उघडण्याआधी एकच गोष्ट लक्षात ठेवावी : गाडी कधी बंद पडते? थंड असताना, गरम झाल्यावर, की फक्त लाइट-पंखा लावल्यावर? मेकॅनिकला एवढं नीट सांगितलं तरी त्याचं अर्धं काम होतं.

लाइट लावल्यावरच इंजिन बसत असेल तर संशय करंटवर घ्यावा. स्लोवर इंजिन हळू फिरतं, त्यामुळे डायनमोही कमी करंट बनवतो. (आहे तो ऑल्टरनेटर, पण गॅरेजमध्ये नाव डायनमोच पडलंय.) वरून हेडलाइटचा लोड आला की डायनमो इंजिनला ओढतो. बॅटरी किंवा अर्थिंग कच्चं असेल तर प्लगची ठिणगीही कमजोर पडते आणि इंजिन आणखी खाली येतं.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. गाडी चालू करून थोडी रेस दिल्यावर १३.८ ते १४.५ दिसले तर डायनमो ठीक. आकडा १२ वरच अडकला तर आधी पट्टा ढिला आहे का बघावं, लगेच डायनमो खोलायला देऊ नये.

गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि बंद पडली नाही तर डायनमो चांगला, ही जुनी परीक्षा मात्र आता सोडून द्यावी. त्यात व्होल्टेज एकदम उसळतं, डायनमोचे डायोड उडतात आणि एमपीएफआय गाडीचा कॉम्प्युटरही जळू शकतो. फुकटची परीक्षा फार महागात पडते.

अर्थिंगकडे सहसा कोणी बघत नाही. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि इंजिनला जाणाऱ्या वायरचे बोल्ट धूळ आणि ओलाव्यानं गंजतात. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोड खराब आहे. गाडी बंद करून आधी मायनसची वायर काढावी, बोल्ट खोलून पॉलिश पेपरनं चकचकीत घासावा, परत घट्ट आवळावा. एवढ्यावर हेडलाइट उजळलेले आणि सेल्फ जोरात फिरलेला पुष्कळदा दिसतो.

लाइट बंद असतानाही इंजिन बसत असेल तर हवा आणि पेट्रोलकडे वळावं. साधारण २००० च्या आधीच्या गाड्या कार्बोरेटरच्या, नंतरच्या एमपीएफआय. दोन्हींत रबरी नळ्या असतात आणि खान्देशातल्या उन्हाळ्यात त्या कडक होऊन चिरतात. चिरेतून जादा हवा आत गेली की स्लो बिघडतो. इंजिन चालू ठेवून नळ्यांच्या जोडावर थोडं पाणी शिंपडावं, फॅन, पट्टा, कॉइल आणि प्लगच्या वायरी टाळून. आवाज बदलला तर गळती तिथंच आहे. काही जण पाण्याऐवजी पेट्रोल मारतात. गरम इंजिनवर ते म्हणजे आगीला आमंत्रण.

बऱ्याच कार्बोरेटरवर एक छोटा सोलेनॉइड असतो. त्याला करंट मिळाला तरच स्लोचं पेट्रोल सुटतं. चावी ऑन केल्यावर ‘टक्’ आवाज आला नाही तर आधी त्याची वायर आणि फ्यूज बघावा. इथं दोष करंटचा असतो आणि शिव्या कार्बोरेटर खातो. एमपीएफआयमध्ये थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, तो साफ केला की बरेचदा काम होतं. नुसता स्लोचा स्क्रू आवळून आवाज वाढवला तर दोष झाकला जातो, पेट्रोल मात्र जास्त जातं. शिवाय पेट्रोल गाडीची पीयूसी तपासणी स्लोवरच होते, तिथं हे उघडं पडतं.

प्लग काढून रंगही बघावा. तपकिरी असेल तर ठीक. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ओला म्हणजे तो सिलिंडर पेटतच नाही. ८०० ला सिलिंडर तीनच, एक गेला तरी गाडी लगेच थरथरते.

कपाशी किंवा धान्याच्या गोदामाशेजारी गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते आधी बघावं. फ्यूज वारंवार उडत असेल तर त्याजागी तांब्याची तार लावू नये. फ्यूज जळतो तो वायर वाचवायला. तार लावली की वायरच पेटते.

गॅस किटच्या ओम्नीत वास आला तर यातलं काहीही करू नये. सेल्फ मारू नये, टाकीचा कॉक बंद करावा, गाडी ढकलत मोकळ्या जागी न्यावी आणि किटचं काम करणाऱ्यालाच बोलवावं.