शाळेची जागा: वर मुरूम, खाली काय?

वैनगंगेच्या एका काठावर भंडारा, दुसऱ्या काठावर कारधा. पावसाळ्यात पुराच्या बातम्यांत कारध्याचे नाव हमखास येते, कारण नदीची पातळी इथल्या पुलाजवळ मोजतात. 245.50 मीटर ही धोक्याची रेषा. अशा नदीकाठच्या गावात शाळेसाठी जागा शोधायला निघा. उंचावरची चांगली जमीन धानाची, खासगी आणि महाग. गावाच्या हाती फुकटात येते ती खोलगट जागा: जुनी खदान, बोडीचा काठ, वीटभट्टीने माती काढून सोडलेला खड्डा, नाहीतर वर्षानुवर्षे उकिरडा राहिलेला तुकडा. तिथे आधी भरण टाकावे लागते. त्या भरणात काय आहे अशी शंका कुणी काढली, की गावात दोन तट पडतात. एक तट दुसऱ्याला शाळेचा वैरी ठरवतो, दुसरा पहिल्याला पोरांना विषावर बसवणारा म्हणतो. दोघांच्याही तोंडची काही वाक्ये ठरलेली असतात आणि त्यांतली बरीच तपासून पाहिली तर टिकत नाहीत.

"विरोध करणाऱ्यांना शाळाच नको आहे."

जगात जिथे जिथे असा वाद पेटला, तिथे पुढे होते ते बहुतेक पालकच. सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरातले. लव्ह कॅनाल नावाच्या अर्धवट खोदलेल्या कालव्यात हूकर केमिकल कंपनीने 20 हजार टनांहून अधिक रासायनिक कचरा पुरला, वर माती टाकली आणि 1953 साली ती जमीन स्थानिक शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. खाली रसायने आहेत आणि पुढे काही झाले तर जबाबदारी आमची नाही, हे खरेदीखतातच लिहिले होते. मंडळाने तरी तिथे प्राथमिक शाळा बांधली, आजूबाजूला घरे झाली. सत्तरच्या दशकात अतिवृष्टीनंतर रसायने तळघरांत आणि अंगणांत पाझरू लागली. त्या शाळेत जाणारा आपला मुलगा सतत आजारी का पडतो, या प्रश्नाने लोइस गिब्ज नावाची गृहिणी दारोदार फिरली आणि आंदोलन उभे राहिले. ऑगस्ट 1978 मध्ये राज्याने शाळा बंद करण्याचा आदेश दिला, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आणीबाणी जाहीर केली आणि 1980 मध्ये दूषित जागांच्या सफाईसाठी अमेरिकेत स्वतंत्र कायदा झाला. गिब्ज यांना शाळेचे वावडे नव्हते, त्यांचे पोर त्याच शाळेत शिकत होते. जागेवर आक्षेप घेणाऱ्याला शाळेचा शत्रू म्हणणे हा वाद टाळण्याचा सोपा मार्ग आहे, एवढेच.

"माती परीक्षण झाले आहे, अहवाल चांगला आहे."

हा सगळ्यात चिवट गैरसमज, आणि तो प्रामाणिक माणसांचाही होतो. माती परीक्षण या नावाखाली आपल्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टी चालतात.

पहिली कृषी खात्याची. 2015 पासून शेतकऱ्यांना मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. धानाला खत किती द्यायचे हे त्यावरून ठरते. त्यात शिसे नाही, आर्सेनिक नाही, पारा नाही, कॅडमियम नाही. म्हणजे पत्रिका उत्तम असलेली जमीन शिशाने भरलेली असू शकते.

दुसरी बांधकामाची. इंजिनिअर बोअर घेऊन जमीन किती भार पेलते ते पाहतो. पाया किती खोल घ्यायचा, एवढेच त्यातून कळते. "सॉइल टेस्ट झाली आहे" असे ग्रामसभेत कुणी सांगितले, तर दहापैकी नऊ वेळा तो हीच चाचणी सांगत असतो.

तिसरी, जी खरोखर हवी असते, ती जड धातू आणि विषारी रसायनांची. ती मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत होते, तिला जास्त पैसे पडतात आणि ती कुणी मागितल्याशिवाय होत नाही. त्यातही नमुना कसा घेतला यावर सगळे अवलंबून. चार कोपऱ्यांतली वरवरची माती एकत्र मिसळून एकच नमुना पाठवला, तर त्यांतल्या एका कोपऱ्यात पुरलेले पिंप सापडणार नाही, त्याचा अंश बाकीच्या चांगल्या मातीत विरून जाईल. जागेचे चौकोन पाडून, प्रत्येक चौकोनातून वेगळा आणि वेगवेगळ्या खोलीवरचा नमुना घ्यावा लागतो. अहवाल हातात आला की आकड्याआधी हे पाहा: नमुने किती, कुठून, किती फुटांवरून आणि कुणासमोर घेतले.

पाण्याचेही तसेच. आरओ मशीन विकणारा टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो आणि लोक निर्धास्त होतात. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने आर्सेनिक आणि शिसे या दोन्हींची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम ठेवली आहे. एवढी बारीक मात्रा त्या मीटरला दिसणे शक्यच नाही.

"राखड म्हणजे राखच की. चुलीतली काय नि कारखान्यातली काय."

भंडाऱ्याच्या एका बाजूला मौद्याचे 2,320 मेगावॅटचे वीजकेंद्र, दुसऱ्या बाजूला गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याचे 3,300 मेगावॅटचे, आणि नागपूरपलीकडे कोराडी-खापरखेडा. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारण 30 ते 45 टक्के. एवढी राख कुठेतरी जाणारच. केंद्राच्या 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने वीजकेंद्रांना सगळी राख वापरात आणणे बंधनकारक केले आणि वापराच्या यादीत विटा, सिमेंट, रस्त्यांचे भराव यांच्याबरोबर खोलगट जमीन भरणेही आहे. पण तिथे अट आहे: प्रदूषण नियंत्रण मंडळाची मंजुरी आणि केंद्रीय मंडळाची मार्गदर्शक तत्त्वे. रात्री टिप्पर येऊन खड्ड्यात ओतून गेला, ही त्यातली रीत नव्हे.

कोळसा जळताना त्यातले आर्सेनिक, शिसे, क्रोमियम, पारा यांचे अंश मागे उरतात आणि राखेत एकवटतात. कोराडी-खापरखेड्याच्या भोवतालच्या गावांतले पाणी तपासून नोव्हेंबर 2021 मध्ये मंथन अध्ययन केंद्र आणि सहकारी संस्थांनी अहवाल काढला. त्यात पारा, आर्सेनिक, शिसे यांसारखे घटक मर्यादेबाहेर आढळल्याची नोंद आहे. याच भागातल्या नांदगावच्या लोकांनी राखेच्या तलावाविरुद्ध आवाज उठवला, फेब्रुवारी 2022 मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे तिथे जाऊन आले आणि राख टाकणे थांबवायला सांगितले. त्याच वर्षी जुलैत कोराडीजवळच्या खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटून राखमिश्रित पाणी शेतांत आणि नाल्यांत शिरले.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या ठेवायला हव्यात. राईस मिलचा कोंडा जळून झालेली काळी राख आणि कोळशाची राखड एक नाही. कोंड्याच्या राखेत मुख्यतः सिलिका असते. तिची धूळ फुप्फुसाला वाईट, पण पाऱ्या-आर्सेनिकाची भीती तिच्याबाबत घालणे बरोबर नाही. आणि राखडीची वीट हा वेगळा विषय. सिमेंट किंवा चुन्यात बांधलेली राख आणि मोकळी, पावसात भिजणारी, वाऱ्यावर उडणारी राख यांचा धोका सारखा नसतो. शाळेच्या भिंतीत राखडीच्या विटा आहेत म्हणून आंदोलन करणाऱ्यांनी मैदानाखालच्या भरणाकडे आधी पाहावे.

"वरून दोन फूट मुरूम टाकला की संपले."

शाळा बांधताना त्याच दोन फुटांतून पाया खाली जातो. शौचालयाचे शोषखड्डे खणतात, बोअरवेल मारतात, झाडे लावतात. प्रत्येक खड्ड्याबरोबर खालचे वर येते. शिवाय पोषण आहारासाठी आता कितीतरी जिल्हा परिषद शाळांत परसबाग असते. पालक, मेथी, माठ यांसारख्या पालेभाज्या मातीतले कॅडमियम आणि शिसे शोषून घेतात. मैदानावरच्या धुळीचा प्रश्न मुरमाने काही काळ सुटेल, खिचडीतल्या भाजीचा सुटणार नाही. जाड आच्छादन, त्याखाली अभेद्य थर आणि वर्षानुवर्षे देखरेख असा पक्का बंदोबस्त असेल तर गोष्ट निराळी. ठेकेदाराच्या दोन फुटांना बंदोबस्त म्हणता येत नाही.

"आम्ही इथेच लहानाचे मोठे झालो, आम्हाला काय झाले?"

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार लहान मुलांचे शरीर तेवढ्याच शिशातून मोठ्यांच्या चार ते पाच पट शिसे शोषते, आणि शिशाची सुरक्षित अशी मात्रा अद्याप आढळलेली नाही. मूल जमिनीच्या जवळ असते, हात तोंडात घालते, मातीत खेळते. परिणाम अंगावर दिसत नाही, तो बुद्धीच्या वाढीवर आणि वागण्यावर होतो. म्हणून "काही झाले नाही" हे कुणालाच खात्रीने सांगता येत नाही.

"पुराने सगळे धुऊन नेले."

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेने भंडारा शहरात आणि काठच्या गावांत काय केले ते लोक विसरलेले नाहीत. पूर नुसता नेत नाही, आणतोही. जड धातू पाण्यापेक्षा बारीक गाळाला जास्त चिकटतात आणि पाणी संथ झाले की तो गाळ खोलगट जागी बसतो. गोसेखुर्दचे बॅकवॉटर भंडाऱ्यापर्यंत येते, आणि नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानमार्गे याच वैनगंगेला मिळते. पूररेषेतली जागा शाळेला नको, यासाठी बुडण्याची भीती एवढे कारण पुरेसे आहे. गाळ हे त्यावरचे दुसरे कारण.

"जागा सरकारी आहे, ना हरकत मिळाली आहे. म्हणजे तपासणी झालीच."

झालेली नसते. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या परिशिष्टात शाळेला काय काय हवे त्याची यादी आहे: सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, वेगळी शौचालये, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. जमिनीखाली काय आहे ते पाहा, असे त्यात कुठे म्हटलेले नाही. अकृषक परवाना, सात-बारा, ग्रामपंचायतीचा ठराव यांपैकी कशानेही मातीची तपासणी होत नाही.

जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम प्रथमच लागू केले. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायची, मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक पाहणी करायची, जागा दूषित ठरली तर तिचे नाव जाहीर करून तिथला वावर रोखायचा आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा, असा त्याचा सांगाडा. देशात अशी 103 स्थळे तेव्हा नोंदलेली होती आणि सफाई सुरू झाली होती फक्त सातांची. खाणकाम, किरणोत्सर्गी कचरा आणि घनकचऱ्याचे डम्पिंग यांना या नियमांतून वगळले आहे, कारण त्यांना वेगळे कायदे आहेत. जुन्या उकिरड्यावर शाळा येणार असेल, तर हा मुद्दा लक्षात ठेवा.

"शाळा त्या जागेवर नाही, शेजारी आहे."

चीनमधल्या चांगझोऊ शहरात एक नामांकित शाळा सप्टेंबर 2015 मध्ये नव्या इमारतीत गेली. रस्त्यापलीकडे बंद पडलेल्या रासायनिक कारखान्यांची जमीन होती आणि तिची सफाई तेव्हाच चालू होती. उकरलेल्या मातीचा वास येऊ लागला, मुलांना पुरळ उठले, नाकातून रक्त येऊ लागले. एप्रिल 2016 मध्ये सरकारी दूरचित्रवाणीने जवळपास 500 विद्यार्थ्यांमध्ये बिघाड आढळल्याचे सांगितले. पर्यावरण संस्था त्या कारखान्यांच्या कंपन्यांविरुद्ध न्यायालयात गेल्या, तर खालच्या न्यायालयाने उलट त्यांच्यावरच 18.9 लाख युआनचा खर्च लादला. डिसेंबर 2018 मध्ये वरच्या न्यायालयाने तो उठवला आणि कंपन्यांना जाहीर माफी मागायला लावली. सफाई करणे चांगलेच, पण शेजारी शाळा भरत असताना नाही.

"एकदा दूषित झालेली जमीन कायमची गेली."

हे विरोधकांचे आवडते वाक्य, आणि तेही चूक. लॉस एंजेलिसमध्ये जुन्या तेलक्षेत्रावर बेलमाँट नावाचे मोठे विद्यालय बांधायला घेतले, जमिनीतून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड निघतो म्हणून काम अर्धवट थांबले, भरपूर बदनामी झाली. पुढे वायू काढून टाकण्याची व्यवस्था करून 2008 मध्ये तीच शाळा वेगळ्या नावाने सुरू झाली. फक्त खर्च अफाट आला, आणि तो आधी तपासले असते तर बराच वाचला असता. दुर्गंधी आली म्हणजे विष आहे असे नाही, आणि वास नाही म्हणजे विष नाही असेही नाही. शिशाला, आर्सेनिकाला वास नसतो. व्हॉट्सॲपवर फिरणारा कुण्या प्रयोगशाळेचा धूसर फोटो हा पुरावा धरायचा नाही, मग तो आपल्या बाजूचा का असेना.

"तपासणीत वेळ जाईल, मार्चअखेर निधी परत जाईल."

हा गैरसमज म्हणता येणार नाही, ही खरी अडचण आहे. निधी परत जातोही. पण नमुने घेऊन अहवाल यायला काही आठवडे लागतात, इमारत उभी राहते पन्नास वर्षांसाठी. जागेचा ठराव करतानाच तपासणी केली तर मार्च आड येतच नाही.

तेव्हा आपल्या गावात शाळेच्या जागेचा विषय निघाला, तर ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी मागा: त्या जागेवर गेल्या 30-40 वर्षांत काय होते, भरण कुठून आले, आणि जड धातूंचा चाचणी अहवाल. नमुने घेताना दोन्ही तटांची माणसे हजर ठेवा आणि निकाल कसाही आला तरी मान्य करू, हे आधीच ठरावात लिहून घ्या. अहवाल दाखवायला टाळाटाळ झाली, तर माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो आणि 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.