रानपिंगळ्याच्या पायातली चिठ्ठी

पक्ष्याचा नमुना करायची रीत जुनीच आहे. पोटावर छेद घ्यायचा, मांस काढायचं, कातड्यात कापूस भरायचा, टाके घालायचे, वाळवायचं आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, नर की मादी, कुणी टिपला. ज्या नमुन्यावरून एखाद्या जातीला प्रथम शास्त्रीय नाव मिळतं, तो तिचा प्ररूप. पुढे कितीही वाद झाले, तरी नाव त्या एका कातड्याला बांधलेलं राहतं.

रानपिंगळ्याचं नाव असंच पडलं. डिसेंबर 1872 मध्ये एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडातल्या बसना-फुलझर भागात हे छोटं घुबड मिळालं. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्या परिचयाचे असलेले ॲलन ह्यूम यांनी 1873 मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ या आपल्या नियतकालिकात त्याला ‘हेटेरोग्लॉक्स ब्लेविटाय’ म्हटलं. पुढे 1885 मध्ये ह्यूम यांचा अवाढव्य संग्रह लंडनला गेला.

त्याच दशकात मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात तळोदा-शहादा पट्ट्यात रानपिंगळे गोळा केले. 1884 नंतर मात्र पक्षी दिसेनासा झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून नमुने उरले जेमतेम सात.

त्यातला एक खोटा होता. म्हणजे पक्षी खरा, चिठ्ठी खोटी. ब्रिटिश कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी तो 1914 मध्ये गुजरातेत मांडवीजवळ मिळाल्याचं लिहून ठेवलं होतं. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो तपासला, तेव्हा उसवून पुन्हा भरलेल्या कातड्यातही डेव्हिडसन यांच्या हाताची धाटणी सापडली. संग्रहालयातून चोरलेला खानदेशचाच पक्षी होता तो! मला या चोरीपेक्षा त्या चिठ्ठीचा राग जास्त येतो. कातडं चोरलं तर एक नमुना जातो. ठिकाण खोटं लिहिलं तर पुढची माणसं भलत्याच जंगलात पक्षी शोधत राहतात, आणि खऱ्या जंगलाकडे कुणाचं लक्ष नसतं.

रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी मांडवी बाजूला ठेवली आणि जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवर भरवसा ठेवला. आधी पूर्वेकडे शोध घेतला, पक्षी नाही. मग शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, नोव्हेंबर 1997 मध्ये, भरदिवसा उघड्या फांदीवर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. 113 वर्षांनी. नंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट इथे त्याचा अभ्यास झाला. 2014 मध्ये तो मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही आढळला.

ह्यूम यांनी केलेली ‘हेटेरोग्लॉक्स’ ही वेगळी प्रजाती मात्र टिकली नाही. 2018 मध्ये भारतीय संशोधकांनी डीएनएवरून दाखवलं, की हा आपल्या गावातल्या पिंगळ्याच्याच ‘अथीनी’ प्रजातीतला. ‘ब्लेविटाय’ तेवढं कायम आहे.