स्पेनमध्ये राजवाड्यात मुक्काम करायचाय? मग बुकिंगआधी एवढं वाचाच

'जिंदगी ना मिलेगी दोबारा'मधलं 'सेन्योरिता' गाणं आठवतंय? ते दक्षिण स्पेनमधल्या आलाखार नावाच्या छोट्या गावात शूट झालं होतं. पांढरी घरं, दगडी गल्ल्या, आजूबाजूला डोंगर. हाच तो अँडालुसिया प्रांत.

या भागात फिरताना जुन्या वाड्यात, किल्ल्यात राहावं असं अनेकांना वाटतं. पण हॉटेलच्या जाहिरातीत 'ऐतिहासिक' लिहिलंय म्हणजे वास्तू जुनीच असेल, असं नाही. मग ओळखायचं कसं?

सुरुवात करा 'परादोर'पासून. ही स्पेन सरकारच्या मालकीची हॉटेल्स. पहिलं परादोर १९२८ मध्ये राजा अल्फोन्सो तेराव्याच्या काळात सुरू झालं. पुढे ओस पडलेले किल्ले, मठ आणि वाडे हॉटेल म्हणून वापरात आणले गेले. त्यामुळे पर्यटकांची सोय झाली आणि वास्तूही टिकल्या.

पण परादोर आणि परादोरमध्येही फरक आहे.

उबेदा : १६व्या शतकातला खराखुरा वाडा. १९३० पासून इथे परादोर आहे. गावाला २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं.

ग्रानादा : अल्हाम्ब्राच्या आवारातला जुना मठ. राणी इसाबेलाला आधी इथेच दफन केलं होतं. मागणी प्रचंड, त्यामुळे बुकिंग फार आधी करावं लागतं.

कार्मोना : किल्ला १४व्या शतकातल्या राजा पेद्रोचा, पण हॉटेल त्याच्या अवशेषांमध्ये नव्याने बांधलेलं. ते १९७६ मध्ये सुरू झालं.

हाएन : डोंगरावरच्या किल्ल्याला लागून आहे. दिसतं किल्ल्यासारखंच, पण इमारत १९६० च्या दशकातली.

नेर्हा : समुद्रकिनारी, पूर्णपणे आधुनिक.

म्हणजे नाव एकच, पण वास्तूंच्या वयात शतकांचं अंतर. म्हणून हॉटेलच्या माहितीत दोन वर्षं शोधा : वास्तू कधी बांधली आणि हॉटेल कधी सुरू झालं. पहिलं वर्ष कुठेच दिलेलं नसेल, तर थेट ईमेल करून विचारा, 'आमची खोली जुन्या भागात आहे की नव्या?'

गावाबाहेर, शेतात राहायचं असेल तर 'कोर्तिखो' हा शब्द लक्षात ठेवा. कोर्तिखो म्हणजे शेतातला मोठा वाडा. असे काही वाडे आता छोटी हॉटेल्स झालेत. आजूबाजूला ऑलिव्हच्या बागा असतात. मात्र बस तिथपर्यंत जातेच असं नाही, गाडी लागते. भारतीय लायसन्सवर गाडी चालवायची तर निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट काढून ठेवा. जुन्या गावांमधल्या गल्ल्या अरुंद असतात, त्यामुळे पार्किंगचंही आधीच विचारा.

आणि जुलै-ऑगस्ट टाळा. आतल्या भागात पारा चाळिशी ओलांडतो. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ उत्तम.

पैसे राजवाड्याचे मोजणार असाल, तर भिंतीही राजवाड्याच्याच आहेत ना, हे आधी तपासा.