पातळ लॅपटॉपचा मोह आणि खानदेशचा उन्हाळा

बारावीचे निकाल लागून महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले, की जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांतील संगणकांच्या दुकानांत पालकांची वर्दळ वाढते. मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात जाऊ लागली म्हणजे सायकल अथवा मनगटी घड्याळ घेऊन देण्याची जी रीत पूर्वी होती, तिची जागा आता लॅपटॉपने घेतली आहे. विद्यार्थीच कशाला, शाळेची माहिती ‘यू-डायस’वर भरणारे शिक्षक, कार्यालयातील अर्धवट काम घरी आणणारे कारकून आणि तासिका तत्त्वावर दोन-दोन महाविद्यालयांत शिकवणारे प्राध्यापक या सर्वांनाच हे यंत्र आवश्यक होऊन बसले आहे. दुकानदार जो लॅपटॉप सर्वांत आधी पुढे करतो, तो बहुधा बोटभर जाडीचा आणि एका हाताने सहज उचलता येणारा असतो. तो पाहताक्षणी मनात भरतो. परंतु त्याच्या सडपातळपणासाठी अधिक पैसे मोजावेत काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. आणि खानदेशात त्याचे उत्तर मुंबई-पुण्यापेक्षा वेगळे येण्याचा संभव आहे.

रक्कम लहान नाही. २०२५ च्या मार्चमध्ये बाजारात आलेल्या ॲपलच्या ‘मॅकबुक एअर’ची भारतातील किंमत ९९,९०० रुपयांपासून सुरू होत होती. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये शिक्षणसेवकांचे मानधन वाढवले, तेव्हा प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकासाठी ते महिना १६,००० रुपये ठरले. म्हणजे या एका यंत्रापायी त्याचे सव्वासहा महिन्यांचे मानधन खर्ची पडणार. ज्या घरात असा खर्च पाच-सहा वर्षांतून एकदाच होऊ शकतो, तेथे चूक सुधारण्यास वाव नसतो. म्हणूनच या मोहाची थोडी तपासणी करणे अगत्याचे आहे.

हलकेपणाची ओढ

हलके यंत्र असावे ही इच्छा मुळात गैर नाही. १९८१ मध्ये अमेरिकेत ‘ऑसबोर्न-१’ नावाचा संगणक ‘सोबत नेता येण्याजोगा’ म्हणून विक्रीस आला, तेव्हा त्याचे वजन सुमारे अकरा किलो होते. शिवणयंत्राच्या पेटीसारखा तो धूड उचलून नेणाऱ्यास हमालाचीच आठवण व्हावी. त्या मानाने आजचे सव्वा-दीड किलोचे लॅपटॉप ही खरोखर मोठी मजल आहे. खानदेशालाही या इतिहासात एक लहानसे स्थान आहे. १९४५ मध्ये अमळनेर येथे वनस्पती तूप व तेल तयार करण्यासाठी निघालेल्या ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या कंपनीचीच पुढे ‘विप्रो’ झाली, आणि तिने १९८० च्या दशकात संगणक बनवण्यास प्रारंभ केला. कालांतराने तिने लॅपटॉपही विकले आणि २०१३ मध्ये हा उद्योग बंद केला. थोडक्यात, संगणक ही आमच्या मातीला अगदीच अपरिचित वस्तू नव्हे.

पातळपणाचे आजचे वेड मात्र २००८ सालचे. त्या वर्षीच्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को येथील मेळाव्यात स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदाच्या एका साध्या पाकिटातून पहिला ‘मॅकबुक एअर’ बाहेर काढला आणि प्रेक्षक थक्क झाले. त्याचे वजन १.३६ किलो होते आणि जाडी सर्वांत जाड भागातही दोन सेंटिमीटरपेक्षा कमी होती. पुढे २०११ मध्ये ‘इंटेल’ने ‘अल्ट्राबुक’ या नावाखाली इतर कंपन्यांनाही त्याच वाटेने नेले. परंतु त्या पाकिटात काय मावले नव्हते, याची चर्चा तुलनेने कमी झाली. त्या यंत्रात सीडी चालवण्याची सोय नव्हती. तारेने नेटवर्क जोडण्याचे पोर्ट नव्हते. यूएसबीचे पोर्ट एकच होते. बॅटरी ग्राहकाला बदलता येणार नव्हती आणि रॅम मुख्य पाटीवरच डाख देऊन पक्की केलेली होती. जाडी कमी झाली ती या गोष्टी वगळून. हा व्यवहार तेव्हापासून आजतागायत थोड्याफार फरकाने चालू आहे. तो प्रत्येकाला तोट्याचाच पडतो असे नाही. पण आपण काय देऊन काय घेतो आहोत, हे ग्राहकाला ठाऊक असले पाहिजे.

उष्णतेचा हिशेब

पहिली गोष्ट उष्णतेची. ॲपल कंपनी आपल्या लॅपटॉपसाठी जे मार्गदर्शन देते त्यानुसार भोवतालचे तापमान १० ते ३५ अंश सेल्सियस असेल अशा ठिकाणी ते वापरावेत. इतर अनेक कंपन्यांच्या यंत्रांची वरची मर्यादाही याच्याच आसपास असते. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३ ते ४५ अंशांवर जाणे ही काही बातमी नव्हे. धुळेही फारसे मागे नसते. पत्र्याच्या छपराखालील वर्गखोलीत किंवा वरच्या मजल्यावरील भाड्याच्या खोलीत दुपारी काय अवस्था असते, हे वाचकांस सांगावयास नको.

यामागील शास्त्र शाळेत शिकवले जाते तेच आहे. कोणतीही गरम वस्तू भोवतालच्या हवेला उष्णता देते ती दोहोंच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात. लॅपटॉपचा पृष्ठभाग ४५ अंशांवर आहे आणि खोली २५ अंशांवर आहे, तर फरक वीस अंशांचा पडतो. खोली ४१ अंशांवर गेली की तोच फरक चार अंशांवर येतो; म्हणजे उष्णता बाहेर पडण्याचा वेग साधारण एक पंचमांश होतो. जाड यंत्रात मोठा पंखा आणि तांब्याच्या रुंद नळ्या बसवण्यास जागा असते. पातळ यंत्रात पंखा लहान असतो. काहींत तो मुळीच नसतो. अशा वेळी आतील प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. मोठ्या किमतीला घेतलेला वेग नेमका उन्हाळ्यात उपयोगी पडत नाही, तो असा.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पंखा नसलेले यंत्र बाहेरची धूळ आत ओढून घेत नाही, हा आमच्याकडे लहान लाभ नव्हे. शिवाय २०२० नंतर आलेले काही प्रोसेसर मुळातच कमी वीज खातात आणि कमी तापतात. पत्रे लिहिणे, प्रश्नपत्रिका तयार करणे, गुणपत्रके भरणे एवढेच काम असेल आणि खोलीत कूलर चालू असेल, तर अशा यंत्राला मे महिनाही फारसा जड जाऊ नये. परंतु अभियांत्रिकीचे आराखडे, चलच्चित्रांचे संपादन किंवा तासन्‌तास चालणारी आकडेमोड ज्यांना करावयाची आहे, त्यांनी या जातीच्या वाटेस जाऊ नये. बॅटरीचे आयुष्यही उष्णतेने घटते. चार्ज केलेला लॅपटॉप उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत ठेवून जाणे, मग तो पातळ असो वा जाड, हे बॅटरीवर अत्याचार करण्यासारखेच आहे.

धूळ, कळफलक आणि दुरुस्ती

दुसरी गोष्ट कळफलकाची. जाडी कमी करावयाची तर कळांची खालीवर होण्याची खोलीही कमी करावी लागते. २०१५ मध्ये ॲपलने अत्यंत उथळ असा नवा कळफलक आणला. त्यात धुळीचा बारीकसा कण शिरला तरी कळ अडकते किंवा एकाऐवजी दोन अक्षरे उमटतात, अशा तक्रारी सुरू झाल्या. २०१८ मध्ये कंपनीला विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतील ग्राहकांशी पाच कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. मधल्या काळात, २०१९ पासून, ती कंपनी जुन्या धाटणीच्या कळफलकाकडे परतली. २०२१ मध्ये तर तिचा सोळा इंची ‘मॅकबुक प्रो’ पूर्वीपेक्षा किंचित जाड व जड होऊन आला आणि काढून टाकलेले एचडीएमआय पोर्टही परत आले. पातळपणाचा पुरस्कार ज्यांनी सर्वांत मोठ्या आवाजात केला, त्यांनाही त्याची सीमा मान्य करावी लागली, एवढा बोध यातून घेण्यास हरकत नाही. ज्यांना मराठी टंकलेखन मिनिटाला तीस शब्दांच्या वेगाने करावयाचे आहे, त्या कारकुनांनी आणि स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांनी दुकानात उभे राहून निदान एक परिच्छेद तरी टंकून पाहावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती दुरुस्तीची. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या बाजारपेठेत साधा लॅपटॉप उघडून त्यात रॅम वाढवणारे, बॅटरी बदलणारे, पंख्यातील धूळ साफ करणारे कुशल कारागीर आहेत. जुन्या यंत्राचे आयुष्य दोन-तीन वर्षांनी वाढवण्याचे काम हीच मंडळी करतात. परंतु ज्या यंत्रात रॅम डाखलेली आणि बॅटरी चिकटवलेली आहे, तेथे त्यांचे कौशल्यही अपुरे पडते. तीन वर्षांनी रॅम कमी पडू लागली तर ती वाढवता येत नाही. बिघडली तर अनेकदा संपूर्ण पाटीच बदलावी लागते. बॅटरी फुगली तर पातळ यंत्रात तिला पसरण्यास जागा नसते. मग वरचा टचपॅड किंवा कळफलक उचलला जातो. अधिकृत सेवा केंद्र नाशिकला अथवा पुण्याला असेल, तर जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेली रजा आणि यंत्राविना गेलेले दिवस हेही मूळ किमतीत धरले पाहिजेत.

वजन वाचते तरी किती?

आता ज्यासाठी हे सर्व करावयाचे, त्या वजनाकडे वळू. सर्वसाधारण विद्यार्थी घेतात तो लॅपटॉप दीड ते पावणेदोन किलोचा असतो. पातळ म्हणून मिळणारा सव्वा किलोचा. फरक पाव ते अर्धा किलो. उन्हाळ्यात आमच्याकडे घराबाहेर पडणारा माणूस एक लिटर पाण्याची बाटली सोबत घेतो. तिचे वजन एक किलो भरते. त्यातून प्रोजेक्टर, पेन ड्राइव्ह आणि कार्यालयातील डिजिटल स्वाक्षरीची किल्ली जोडण्यासाठी पातळ यंत्रासोबत वेगळा जोड बाळगावा लागला, तर वाचलेल्या वजनातील काही भाग परत पिशवीत येतो. तो जोड घरी विसरला तर भरल्या वर्गासमोर खोळंबा होतो, तो निराळाच.

तरीही असे काही लोक आहेत, की ज्यांना या अर्ध्या किलोचे मोल खरोखर आहे. अमळनेरहून जळगावला किंवा चाळीसगावहून धुळ्याला रोज ये-जा करणारी, एस.टी.त अनेकदा उभ्याने प्रवास करणारी शिक्षिका. दोन गावांतील दोन महाविद्यालये सांभाळणारा तासिका तत्त्वावरील प्राध्यापक. पाठीच्या दुखण्याने त्रस्त झालेला कर्मचारी. यांना हलके यंत्र आणि दिवसभर टिकणारी बॅटरी ही चैन नसून सोय आहे, आणि ऐपत असेल तर त्यांनी ते अवश्य घ्यावे. ज्याचा लॅपटॉप महिन्यातून चारदाच खोलीबाहेर पडतो, त्या वसतिगृहातील विद्यार्थ्याने मात्र हलकेपणासाठी पैसे मोजण्यात हशील नाही. तेच पैसे त्याने अधिक रॅमसाठी किंवा वाढीव वॉरंटीसाठी खर्चावेत.

खरेदीपूर्वी दुकानदाराला पाच प्रश्न विचारावेत. रॅम पुढे वाढवता येते काय? येत नसेल तर आताच १६ जीबी घ्यावी. बॅटरी स्क्रू काढून बदलता येते, की चिकटवलेली आहे? नेहमीच्या यूएसबीची आणि एचडीएमआयची पोर्ट आहेत काय? वॉरंटीत तंत्रज्ञ आपल्या गावी येतो, की यंत्र पाठवावे लागते? आणि कंपनीने वापरासाठी तापमानाची कोणती मर्यादा दिली आहे? या शेवटच्या प्रश्नाने दुकानदार कदाचित चकित होईल. पण खानदेशात तो विचारलाच पाहिजे.

पातळपणा आणि दुरुस्तीची सोय यांचे हाडवैर आहे असेही नाही. अमेरिकेतील ‘फ्रेमवर्क’ या कंपनीने २०२१ मध्ये सुमारे १.३ किलोचा आणि १.६ सेंटिमीटरहून कमी जाडीचा लॅपटॉप आणला. त्याची बॅटरी, रॅम आणि पोर्टसुद्धा ग्राहकाला स्वतः बदलता येतात. म्हणजे इतर कंपन्यांना जे जमत नाही म्हणून सांगितले जाते, ते पुष्कळदा त्यांना करावयाचे नसते. फ्रान्सने २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापणे बंधनकारक केले. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या नावाने संकेतस्थळ सुरू केले आहे. परंतु संकेतस्थळावर माहिती देणे वेगळे आणि दुकानातील खोक्यावर गुण छापण्याची सक्ती करणे वेगळे. पंख्यावर आणि शीतकपाटावर वीजबचतीचे तारे पाहून ग्राहक निवड करू लागला, तसेच दुरुस्तीच्या बाबतीतही करता येईल. ग्राहक पंचायतीने आणि शिक्षक संघटनांनी ही मागणी लावून धरण्यासारखी आहे. तोवर शिक्षकाने, कारकुनाने आणि विद्यार्थ्याच्या पालकाने यंत्राची जाडी मोजण्याआधी ते पाच उन्हाळे काढील काय, आणि बिघडले तर आपल्याच गावात उघडता येईल काय, एवढे पाहून घ्यावे.